‘असिस्टेड डाइंग’ला मराठीत काय लिहू?

रामबागकर: रविवारी इथे इंदुरात आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ब्रिटनच्या विधेयकावर बोलायचंय. २० जून २०२५ला तिथल्या संसदेच्या कॉमन्स सभागृहात ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर झालं, तेच. सहा महिन्यांच्या आत जाईल असा अंदाज असलेला रुग्ण. डॉक्टर औषध आणून देणार, घ्यायचं त्यानं स्वतः. मी ‘दयामरण’ लिहिलं, तर मुलगी म्हणते साफ चूक.

वकिलीणबाई: मुलगी बरोबर आहे. दयामरणात दया दुसऱ्याची. आपल्या सुप्रीम कोर्टानं २०११त अरुणा शानबाग खटल्यात आणि पुन्हा २०१८त मान्य केलं ते उपचार थांबवणं. मरायला औषध हातात देणं इथे आजही गुन्हाच. ‘इच्छामरण’ लिहा.

सराफ्यातला: इच्छामरण भीष्माचं! उत्तरायणाची वाट बघत पडून राहिला, कुणाची सही लागली नाही. या विधेयकात दोन डॉक्टर, वर तिघांची समिती.

शुद्धाक्षर: ‘साहाय्यित मरण’. कृपया ‘सहाय्यित’ नको. सहाय म्हणजे मदत करणारा, साहाय्य म्हणजे मदत. हिंदीच्या शेजारानं इंदुरात हा घोळ होतो.

रामबागकर: इंदूरवर कशाला घसरता? ‘सहाय्यक’ तुमच्याकडच्या सरकारी पाट्यांवरच वाचलाय.

जुनी इंदूरकर: माझी मावशी कॅन्सरनं चार महिने अंथरुणाला खिळली होती. “सोडवा गं मला,” एवढंच म्हणायची. गेली तेव्हा अख्खा वाडा म्हणाला, “सुटली.” समोरच्या जैन काकूंनी संथारा घेतला, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून मरण पत्करलं, तेव्हा मात्र ‘सुटल्या’ कुणी म्हटलं नाही. लोक पाया पडायला येत होते. मला तर ‘सोडवणूक’ हाच शब्द बरा वाटतो.

वकिलीणबाई: संथाऱ्यावर राजस्थान हायकोर्टानं २०१५त बंदी घातली होती. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली.

शुद्धाक्षर: विनोबांनी १९८२त पवनारला अन्न-औषध सोडलं, ते प्रायोपवेशन. असा घडीव शब्द घरात असताना ‘सोडवणूक’? ती कर्जातून होते.

जुनी इंदूरकर: चार महिने उशाशी बसला असतात तर असं म्हणाला नसतात.

सराफ्यातला: आणि विनोबांना औषध कुणी आणून दिलं नव्हतं. प्रश्न काय होता?

रामबागकर: तो राहू द्या, तूर्त इंग्रजीच ठेवतो. पण ‘लिव्हिंग विल’चं काय? शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं, तो कागद. पुतण्यानं ‘जिवंत मृत्युपत्र’ करून दिलंय.

वकिलीणबाई: अरे देवा! ‘इच्छापत्र’ लिहा.

रामबागकर: कट्ट्यावर इच्छापत्र म्हटलं की पहिला प्रश्न येतो, घर कुणाच्या नावावर केलं?

शुद्धाक्षर: ‘वैद्यकीय इच्छापत्र’. आणि वैद्यकीयमधला ‘द्य’ नीट जोडा.