दोष पुनर्प्रकाशनाचा नाही, साच्यांचा आहे
अमेरिकन बूगी-वूगी पियानोवादक मीड लक्स लुईसच्या १९२७ च्या ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ या पियानोच्या तबकडीची आज सीडीवर ऐकू येणारी खरखर हा सीडी काढणाऱ्यांचा आळस आहे, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. ही तबकडी पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीची. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा हा जोडधंदा, त्यामुळे लाखेचा माल हलका आणि दाबणीही यथातथाच. १९३० च्या दशकात धंदा बंद पडला आणि ज्यांच्यावरून तबकड्या दाबून काढायच्या ते धातूचे बहुतेक साचे भंगारात गेले. म्हणजे आज कुणीही पुनर्प्रकाशन करायचं म्हटलं तरी हाताशी असते ती कुणीतरी जाड सुईने घासघासून वाजवलेली तबकडी. त्यातली सगळ्यात कमी झिजलेली प्रत मिळवणं, हीच निम्मी लढाई.

आणि खरखर पुसण्याचा हट्टही धरू नये. सुरुवातीला उजव्या हाताने आगगाडीच्या शिट्टीसारखा थरथरता सूर येतो ना, तो नेमका खरखरीच्याच कंपनसंख्येच्या पट्ट्यात बसतो. जास्त सफाई केलेल्या प्रतीत डावा हात दणकट ऐकू येतो, पण ती शिट्टी कापसात गुंडाळल्यासारखी वाटते. मला खरखरीची प्रतच आवडते. स्वच्छ ऐकायचंच असेल तर लुईसने १९३५ मध्ये हीच रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केली, ती ऐका. संगीत-निर्माता जॉन हॅमंडने त्याला शोधून काढलं तेव्हा तो शिकागोत मोटारी धूत होता. हात मात्र तसाच धावतोय!