अंगणातला रेल: गोल पाइप की चौकोनी?

फोंड्याहून: फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जातोय. गेल्या खेपेला रेलवर, म्हणजे बोर्डने घसरत जायच्या लोखंडी दांड्यावर, चढलो आणि लगेच पाठीवर आपटलो, ते मनातून जात नाही. म्हणून घरामागे माडांच्या रांगेत ३ मीटरचा रेल करतोय. उतारावर कृत्रिम गवत अंथरून साबणाचं पाणी मारणार. पाइप कुठला घेऊ? उंची किती?

मडगावहून: चौकोनी, ५० मिमी. उंची ३० सेंमीच ठेव. सांधे ग्राइंडरने गुळगुळीत कर, वेल्डिंगचा एक उंचवटासुद्धा बोर्ड अडवतो. जीआय (जस्त चढवलेला) पाइप असेल तर आधी जस्ताचा थर घासून काढ आणि वेल्डिंग उघड्यावर कर. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, मी भोगलाय.

डिचोलीहून: रेलचे पाय नुसते चिऱ्यांवर टेकवू नकोस रे, हलतात. खाली रुंद आडव्या पट्ट्या जोड. रेलवर बोर्ड सपाट ठेव, कडेवर झुकलास की घसरलास. हेल्मेट घालच.

फोंड्याहून: चौकोनीच घेतो. पावसाआधी रेड ऑक्साइड मारून मांगरात (शेडमध्ये) ठेवीन, नाहीतर गंज खाईल. रविवारी वेल्डर येतोय.