तालुक्याच्या गावी रेडिओ-नियंत्रित विमानांचा क्लब आणि उड्डाणासाठी मैदान : सल्ला हवा

खारपाणवाला

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातील आम्ही नऊ जण गेली दोन वर्षे रेडिओ-नियंत्रित विमाने स्वतः बनवून उडवत आहोत. आमच्यात दोन शिक्षक, एक मोटार रिवाइंडिंगवाले, एक कृषी केंद्रचालक आणि बाकी कॉलेजातील मुले आहेत. विमाने बहुतेक फोमची आणि सनबोर्डची, पंखांची लांबी एक ते सव्वा मीटर, वजन किलोच्या आतबाहेर, आणि सगळी बॅटरीवर चालणारी. आतापर्यंत शाळेच्या मैदानावर काम भागत होते. जानेवारीत मात्र एक विमान वर्गखोलीच्या टिनावर जाऊन पडले. कोणाला इजा झाली नाही, तरी मुख्याध्यापकांनी आम्हाला दुसरी जागा पाहण्यास सांगितले, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता रीतसर क्लब स्थापन करावा आणि कायमचे मैदान मिळवावे, असे ठरले आहे. गावालगत सुमारे सहा एकर ई-क्लास (सरकारी गुरचरणाची) जमीन पडून आहे, ती ग्रामपंचायतीकडून मागावी असे काहींचे म्हणणे आहे. माझ्या आतेभावाचे तीन एकर शेतही आहे. तो वापरू देण्यास तयार आहे, परंतु कागदावर सही करायला कचरतो. आधी नोंदणी करावी की आधी जागा पाहावी, आणि या दोहोंपैकी कोणत्या जागेच्या मागे लागावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

बरडावरचा (यवतमाळ जिल्हा)

भाऊ, आम्ही सहा वर्षांत तीन मैदाने केली आणि त्यांतले पहिले आमच्याच चुकीने गमावले, म्हणून आधी जागेविषयी लिहितो.

आपण आतेभावाच्या तीन एकरांकडे धावपट्टीच्या मापाने पाहत आहात. धावपट्टीला जागा फार थोडी लागते. आपल्या वजनाच्या विमानांना शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद पट्टी पुरून उरते, म्हणजे जेमतेम अर्धा एकर. पण नवशिक्याचे विमान एकदा वर गेले की त्याचे एकेक वळण दीडशे-दोनशे मीटर बाहेर जाते. उडवणाऱ्याच्या समोरचा चारशे मीटर लांब आणि अडीचशे मीटर खोल असा तुकडा मोजला, तर तो पंचवीस एकरांच्या घरात जातो. हे पंचवीस एकर आपल्या भावाचे नाहीत. ते आजूबाजूच्या पाच-सात शेतकऱ्यांचे आहेत, आणि मैदान राहणार की जाणार हे तेच ठरवतात.

आमचे पहिले मैदान एका ओळखीच्या गृहस्थांच्या पडीत बरडावर होते. जमीन मुरमाड, पाण्याचा निचरा उत्तम, धावपट्टीला खर्च जवळपास शून्य. मालकाची संमती होती, शेजाऱ्यांना मात्र आम्ही विचारलेच नव्हते. नोव्हेंबरअखेरच्या एका सकाळी एक विमान शेजारच्या तुरीत पडले. तूर माणसाच्या उंचीची झाली होती, फुलावर होती आणि दवाने ओली होती. पाच मुले पाच दिशांनी आत शिरली आणि पाऊण तासाने विमान घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांच्या विजारी कमरेपर्यंत भिजलेल्या होत्या आणि पिवळ्या पाकळ्यांनी माखल्या होत्या. मागे वळून पाहिले तर तुरीत पाच पायवाटा पडल्या होत्या. आम्ही दोन पायल्या तुरीची किंमत देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, आणि तेव्हाच मला समजले की प्रकरण हाताबाहेर गेले. पुढच्या रविवारी बरडाकडे जाणाऱ्या त्यांच्या धुऱ्यावर बोरीचे काटे टाकलेले होते. धुरा त्यांचा असल्यामुळे आम्हाला बोलायला जागाच नव्हती.

दुसऱ्या जागेच्या वेळी आम्ही मालकाच्या आधी शेजाऱ्यांकडे गेलो. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या : आपल्या शेतात कोणत्या महिन्यांत कोणी आलेले चालणार नाही, आणि विमान पडलेच तर ते कसे काढावे. उत्तरे इतकी उपयोगी निघाली की आमची निम्मी नियमावली त्यांतूनच तयार झाली. एका शेजाऱ्याने सांगितले की डवरणीच्या दिवसांत डोक्यावरून आवाज गेला तर बैल बुजतात. म्हणून आम्ही इंधनावर चालणारी इंजिने पूर्णपणे बंद केली आणि ज्या बाजूला डवरे चालू असेल त्या बाजूला विमान न्यायचे नाही असे ठरवले. दुसऱ्याने कुटाराच्या (वाळलेल्या भुशाच्या) गंजीकडे बोट दाखवले. त्याची शंका रास्त होती, कारण आपटलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी काही मिनिटांनीही पेट घेऊ शकते आणि मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचे धसकट पेटायला ठिणगी पुरते. तेव्हापासून वाळूच्या दोन बादल्या पट्टीजवळ ठेवल्याशिवाय आमच्याकडे पहिले उड्डाण होत नाही. पिकात पडलेले विमान शोधण्यासाठी प्रत्येक विमानात छोटा बझर बसवलेला असतो, आणि आत एकच जण, तोही तासातून (पिकाच्या दोन ओळींमधून), शेतमालकाला सांगून जातो.

जागा पाहताना आणखी दोन गोष्टी बघा. अकरा केव्हीची किंवा कृषिपंपाची तार त्या पंचवीस एकरांत कुठेही असेल तर ती जागा सोडून द्यावी, मग बाकी सर्व कितीही सोयीचे असो. आणि आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा असल्याने पट्टी पूर्व-पश्चिम आखून उडवणाऱ्यांनी तिच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे तो पाठीशी राहतो आणि विमान उन्हात हरवत नाही.

नमुना आठ

कागदपत्रांची बाजू मी मांडतो.

ई-क्लासचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही जमीन गुरचरणाची, सरकारची आहे. ग्रामपंचायतीकडे फक्त तिची देखभाल असते, त्यामुळे ग्रामसभेने ठराव केला तरी त्याने आपल्याला कोणताही हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि तेव्हापासून गायरान दुसऱ्या कामासाठी देताना महसूल कार्यालये फार सावध असतात. शिवाय गावातील निम्मी जनावरे जिथे चरतात, तिथे नऊ जणांच्या छंदासाठी दोरी बांधणे हे मला कायद्याआधी माणुसकीच्या दृष्टीने पटत नाही.

आपले आतेभाऊ सहीला का कचरतात, हे विदर्भातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्यांना कुळाची भीती आहे. आपल्याकडे १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा लागू आहे आणि ज्यांच्या आजोबांची जमीन कुळाकडे गेली, त्यांच्या घरात ती भीती अजून जिवंत आहे. ती खोडून काढण्याच्या भानगडीत पडू नका, लेखात तिचे उत्तर द्या. जमीन भाडेपट्ट्याने दिलेली नाही, तिचा ताबा आणि वहिवाट मालकाचीच आहे, पीक मालकच घेतो, क्लबला केवळ ठरलेल्या वारी ठरलेल्या तासांत उड्डाणासाठी येण्याची अनुमती आहे आणि मालक ती महिनाभराच्या सूचनेने काढून घेऊ शकतो, असे साध्या मराठीत लिहावे. मुदत अकरा महिन्यांची ठेवावी. ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारनाम्यांना शंभराचा नव्हे, पाचशेचा स्टॅम्प लागतो. सातबाऱ्यावर आपल्या आतेभावाबरोबर आणखी कोणाची नावे असतील तर त्या सर्वांच्या सह्या घ्या. बहिणींची नावे विसरली जातात आणि पुढे तिथेच अडते.

नोंदणी जरूर करावी, पण घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात जण लागतात, ते आपल्याकडे आहेत. महाराष्ट्रात त्याच्या जोडीने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी होते आणि दोन्ही कामे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट, हे मागे लागते. जो सभासद हिशेब लिहायला कंटाळत नाही, त्यालाच सचिव करा. तो चांगला वैमानिक नसला तरी चालेल.

दोन किलोच्या आत

वरील दोघांनी जमिनीचे सांगितले, मी आकाशाचे सांगतो. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले आणि आपली विमाने त्यांच्या कक्षेत येतात. पंचवीस किलोपर्यंतचे, केवळ छंद, शिक्षण, संशोधन किंवा चाचणीसाठी असलेले आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे विमान म्हणजे मॉडेल, अशी त्यांत व्याख्या आहे. त्याला प्रकार प्रमाणपत्र (त्या बनावटीला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही. दोन किलोपर्यंतचे विमान व्यावसायिक कामासाठी नसेल तर उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्रही लागत नाही. मात्र या दोन सवलती मिळाल्या म्हणून विमानाच्या नोंदणी क्रमांकातून आणि विम्यातून आपण आपोआप सुटलो असे समजू नये. तृतीय-पक्ष विम्यातून सूट आहे ती अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे नॅनो गटातल्या विमानांना. क्लब स्थापन करणाऱ्यांनी हा विषय पहिल्याच सभेत घ्यावा.

जागा निश्चित करण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहा. हरित क्षेत्रात जमिनीपासून चारशे फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फूट होते. बेलोरा (अमरावती) आणि शिवणी (अकोला) हे दोन्ही विमानतळ दर्यापूरपासून बारा किलोमीटरच्या बरेच बाहेर आहेत, त्यामुळे आपल्याला अडचण दिसत नाही. अमरावतीजवळ उडवणाऱ्यांनी मात्र जुन्या सवयीवर जाऊ नये, कारण बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. निवडणूक किंवा मोठा बंदोबस्त असला की जिल्हा प्रशासन ड्रोनबंदीचे आदेश काढते आणि त्यांत आपले फोमचे विमानही मोडते. पोलीस ठाण्यात क्लबचे पत्र आणि दोघांचे फोन क्रमांक आधीच देऊन ठेवले तर गैरसमज होत नाहीत.

खारपाणवाला

तिघांचेही मनापासून आभार. ई-क्लासचा विचार आम्ही सोडला आहे. गेल्या चार दिवसांत आतेभावाच्या शेताच्या चारही बाजूंच्या शेतकऱ्यांना भेटलो. आमच्या भागात विहिरींना खारे पाणी असल्याने पंप कमी आणि तारा त्याहून कमी, हा खारपाणपट्ट्याचा एक फायदा प्रथमच ध्यानात आला. तिघांनी होकार दिला. त्यांतील एका काकांची अट अशी की हरभरा उभा असताना कोणीही आत उतरायचे नाही, विमान पडले तर त्यांना सांगायचे, ते स्वतः आणून देतील. चौथ्यांचाही नकार नाही, परंतु त्यांनी रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी झटका तार (मशीनवर चालणारे, विजेचा झटका देणारे कुंपण) लावलेली आहे आणि ती आमच्या पट्टीच्या टोकापासून साधारण साठ मीटरवर येते.

दुसरी अडचण जमिनीची. आमची माती भारी काळी आहे. हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीअखेर शेत मोकळे होईल, पण तोवर पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मुरूम टाकणे परवडणारे नाही आणि भावाला ते चालणारही नाही.

बरडावरचा (यवतमाळ जिल्हा)

मुरूम टाकूच नका, ती त्यांची कसाची जमीन आहे. पहिली दोन वर्षे विमानांची चाके काढून ठेवा. किलोभर वजनाचे फोमचे विमान हातातून सोडता येते आणि पोटावर उतरवता येते. त्यासाठी वखराची एक पाळी देऊन वरून जड फळी फिरवलेली तीस-चाळीस मीटर जागा पुरते. भेगांत अडकून मोडतात ती चाके आणि मोटारीचे पंखे (प्रोपेलर)च, म्हणून घडी होणारा पंखा बसवा आणि उतरताना मोटार बंद करण्याची सवय लावा. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत आटोपते घ्या आणि बॅटऱ्या दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका. आमच्या दोन बॅटऱ्या तिथेच फुगल्या.

झटका तारेचे अंतर मला कमी वाटते. पट्टी तारेपासून दूर सरकवून ते शंभर मीटरच्या वर न्या, कारण नवशिक्याचे विमान हमखास पट्टीच्या टोकापलीकडे उतरते आणि त्यामागे पहिले धावते ते लहान पोर. उड्डाणाच्या दिवशी मशीन बंद ठेवता येईल का, हे त्या शेजाऱ्यांना विचारा. रोही बहुतेक रात्रीच येतात, त्यामुळे ते बहुधा नाही म्हणणार नाहीत. पण मशीन बंद करणे आणि जाताना पुन्हा चालू करणे, ही दोन्ही कामे एकाच सभासदाच्या नावावर वहीत लिहून ठेवा. आम्ही एकदा चालू करायला विसरलो होतो आणि रात्रीतून डुकरांनी त्यांचा अर्धा भुईमूग उकरला.