अमेरिकेत संगीत नाटकाचे प्रयोग : पर्यटक व्हिसा की पी-३?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

आमची नाट्यसंस्था हौशी म्हणून सुरू झाली असली, तरी आता आम्ही मानधन घेऊन प्रयोग करतो. अमेरिकेतील तीन शहरांच्या महाराष्ट्र मंडळांनी पुढील गणेशोत्सवात आमच्या संगीत नाटकाचे तिकीट लावून प्रयोग करण्याचे ठरवले आहे. एका कार्यकर्त्याने मात्र ‘सर्वांनी पर्यटक व्हिसावर या, मानधनाचे नंतर पाहू’ असे सुचवले. नट-गायकांबरोबर ऑर्गनवादक, तबलजी आणि रंगभूषाकारही येणार आहेत. योग्य व्हिसा कोणता, आणि अर्ज कोणी करायचा?

उत्तर : मिरजेचा तंबोरा

त्या कार्यकर्त्याचा सल्ला कृपया ऐकू नका. तिकीट लावलेला आणि मानधनाचा प्रयोग पर्यटक व्हिसावर करता येत नाही, आणि मुलाखतीत हेतू लपवल्याचे सिद्ध झाले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

आपल्यासाठी पी-३ हा व्हिसाचा वर्ग आहे. एखाद्या समाजाची वैशिष्ट्यपूर्ण कला सादर करणाऱ्या, तिचा अर्थ उलगडणाऱ्या किंवा ती शिकवणाऱ्या कलावंतांसाठी तो असतो. नामांकित कलासंस्थांसाठीच्या पी-१ व्हिसामध्ये संस्थेला आंतरराष्ट्रीय ख्याती दाखवावी लागते आणि किमान ७५ टक्के सदस्य वर्षभरापासून संस्थेत असावे लागतात; पी-३ ला या अटी नाहीत. तिथे सिद्ध करायची ती कलेची अस्सलता. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तिथल्या संस्थेला नाट्यपरंपरेबद्दल लिहिणारे जाणकार मिळू नयेत, हे संभवत नाही. त्यांची पत्रे आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे जोडा. मात्र प्रत्येक मराठी कात्रणाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचे प्रमाणपत्र हवे. आमच्या फायलीत सर्वाधिक वेळ याच कामाला गेला होता.

अर्ज आपण करायचा नसून तिकडच्या मंडळाने अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१२९ या फॉर्मवर करायचा. तीन मंडळांनी तीन अर्ज करण्यापेक्षा एकाने एजंट म्हणून सर्व प्रयोगांचे वेळापत्रक आणि करार जोडून एकच अर्ज करणे सोयीचे. त्या क्षेत्रातील अमेरिकी कामगार संघटनेचे सल्लापत्रही लागते. मंजुरी आल्यावरच प्रत्येकाने डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरून मुलाखतीला जायचे.

उत्तर : वाळवेकर

आमचे भजनी मंडळ पर्यटक व्हिसावरच गेले होते आणि कोणी हरकत घेतली नाही. छोट्या संस्थेला एवढा खटाटोप परवडतो का?

उत्तर : मिरजेचा तंबोरा

वाळवेकर साहेब, हौशी कलावंतांना मोबदला न घेता कार्यक्रमात भाग घेण्याची मुभा त्या व्हिसात आहे; आपले मंडळ त्यात बसले असावे. प्रश्नकर्त्यांचे तसे नाही.

उत्तर : कृष्णाकाठ

आभारी आहे. वादक आणि रंगभूषाकार यांचे काय? शिवाय नायिकेला तिची लहान मुलगी सोबत न्यायची आहे.

उत्तर : मिरजेचा तंबोरा

ऑर्गनवादक आणि तबलजी हे कलावंतच आहेत, त्यामुळे ते मुख्य अर्जातच येतील. त्यात २५ नावांपर्यंत मुभा आहे. रंगभूषाकारासाठी साहाय्यकांचा वेगळा अर्ज करून, त्याचे काम प्रयोगाला अत्यावश्यक असून तिथला माणूस ते सहज करू शकणार नाही, हे पटवावे लागते. माझ्या मते हे अवघड आहे. पर्यायाने रंगभूषा नटांनीच शिकून घ्यावी. मुलीला पी-४, म्हणजे कलावंताच्या कुटुंबीयांसाठीचा व्हिसा, मिळू शकतो. प्रयोगाच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मंडळाला आताच पत्र धाडा. जादा शुल्क भरल्यास पंधरा कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही होते, पण मुलाखतीची तारीख त्यातून मिळत नाही.