कोंडा आठ दिवसांत खवट, मग अँटिऑक्सिडंट काय करत होते?

पेजवाली:
मे महिन्यात माहेरी, सावंतवाडीकडे गेले होते. भावाने लाल भात भरडून दिलं. कोंडा तो म्हशीला घालतो, पण मी डबाभर मागून घेतला, कारण नणंदेच्या फॉरवर्डमध्ये त्याचं फार कौतुक होतं. पुण्यात ओट्यावर डबा ठेवला. आठव्या दिवशी झाकण काढलं तर जुन्या खोबऱ्यासारखा वास! धिरड्यात घातला होता, लेकाने पहिला घास थुंकला.

अँटिऑक्सिडंट म्हणजे खवटपणा रोखणारी द्रव्यं ना? मग ती ज्यात ठासून भरलीत तोच सगळ्यात आधी कसा खराब होतो? आणि तुसातही असतात म्हणे. ते पण खायचं का?

गिरणीवाला:
ताई, तूस नको. त्यात सिलिका भरपूर, गुरंही तोंड लावत नाहीत. आमची आजी ते जाळून राखुंडी करायची, तेवढाच त्याचा तोंडाशी संबंध. रबरी रोलरच्या गिरणीत आधी तूस निघतं, मग पॉलिशला कोंडा वेगळा पडतो. जुन्या एकाच हलरच्या गिरणीत दोन्ही एकत्र येतात. तुमचा कोंडा घशाला टोचत असेल तर तो असाच मिसळलेला आहे. कोंड्याचा मांडा करायचा तर आधी कोंडा कुठला ते बघा.

तेलतपासनीस:
प्रश्न आवडला. मी तेलाच्या लॅबमध्ये होतो. कोंड्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं, आणि लायपेज नावाचं एन्झाइमही. अख्ख्या दाण्यात ही दोघं एकमेकांपासून लांब असतात, पॉलिश करताना भेटतात. लायपेज तेल फोडून आम्लं मोकळी करतं. या कामाला हवेतला ऑक्सिजन लागतच नाही, त्यामुळे अँटिऑक्सिडंट हात चोळत बसतात. त्यांचं भांडण ऑक्सिजनशी. सुटी आम्लं पुढे लवकर ऑक्सिडाइज होतात तो दुसरा अंक.

ओरायझॅनॉल हे कोंड्यातल्या अँटिऑक्सिडंटपैकीच एक. जपानमध्ये 1950च्या दशकात तांदळाच्या कोंड्याच्या तेलातून वेगळं काढलं, ओरायझा म्हणजे भात, म्हणून हे नाव. तुमच्या तांदळाचा लाल रंगही प्रोअँथोसायनिडिन नावाच्या अँटिऑक्सिडंटचा, तोही दाण्याच्या सालीतच. पांढरा शुभ्र पॉलिश केलात की दोन्ही गेले.

उपाय: भरडल्या दिवशीच कोंडा वाफवा, मग वाळवा. नाहीतर मंद आचेवर खरपूस भाजून फ्रीजमध्ये ठेवा. उकड्या तांदळाचा कोंडा जास्त टिकतो, कारण भात उकडतानाच लायपेज मरतं. आणि वाटीवाटीने खाऊ नका. तांदळातलं आर्सेनिकही कोंड्यातच जास्त साठतं.

पेजवाली:
टोचत होता खरा! म्हणजे तूसही खाल्लंच आम्ही. डबा कुंड्यांत रिकामा केला. भावाला फोन केला तर म्हणतो, "म्हस रोज ताजो खाता, तुका कोणी सांगला डब्यात भरूक?"