लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन जागचं हलेना. इंजेक्शन घ्यावं का?

आंबटगोड: धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २६, शाकाहारी. संध्याकाळपर्यंत गळून जाते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पावसाळाभर नेमाने घेतल्या. हिमोग्लोबिन आधी १०.९, आताही १०.९! काकू म्हणते बीट खा, शेजारीण म्हणते सरळ इंजेक्शन घे. साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न. कोणाला अनुभव आहे का?

खमंग_काकडी: बिटाचा रंगच लाल, लोह बेताचंच. अळिवाचे लाडू द्या, भाजी लोखंडी कढईत करा. जेवणाला लागून चहा-कॉफी नको, गोळीबरोबर लिंबूपाणी. माझ्या जावेचं यावरच वाढलं.

भिंगवाला: काकडीताईंचं बरोबर आहे, पण लोहच कमी असेल तर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर सगळे फक्त पहिली ओळ वाचतात. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) किती आहे ते टाका.

आंबटगोड: एमसीव्ही ६३, आरबीसी ५.६, आरडीडब्ल्यू १४.

भिंगवाला: वाटलंच. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. आरडीडब्ल्यू वाढतो, म्हणजे लहानमोठ्या पेशींची सरमिसळ दिसते. इथे पेशी बारीक, पण सगळ्या एकसारख्या आणि संख्येने भरपूर. एमसीव्हीला आरबीसीने भागा: ६३ भागिले ५.६, साधारण ११. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचं वाहक असण्याची, शंका घ्यायची. हा निव्वळ अंदाज, निदान नव्हे. फेरिटिन (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (त्याचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या. त्यात ए२ हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर आला तर बहुधा मायनरच. फक्त एक, फेरिटिन कमी असेल तर ए२ खोटा कमी दिसू शकतो. मग आधी लोह भरून पुन्हा तपासायचं.

आणि फेरिटिन बघितल्याशिवाय इंजेक्शन नको. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते साठत जातं.

खमंग_काकडी: पण थॅलेसेमिया सिंधी, लोहाणा लोकांत असतो ना? आंबटगोड तर कोकणातल्या.

भिंगवाला: त्यांच्यात प्रमाण जास्त, इतकंच. वाहक कुठल्याही घरात निघतो.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या विदर्भात आणि तिकडे नंदुरबारला आणखी एक पाहुणा आहे, सिकलसेल, तोही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. एचपीएलसीत तोही कळतो. सांधे ठणकणं, वरचेवर कावीळ, लहानपणी हातापायाची बोटं सुजणं असं घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. २०२३ पासून केंद्राची मोहीमही आहे.

आंबटगोड: तिला अधूनमधून पायाला मुंग्या येतात, जीभ गुळगुळीत लाल दिसते. तेही यातलंच का?

भिंगवाला: नाही, ते बी १२ जीवनसत्त्व कमी असल्याचं वाटतं. शाकाहारी म्हणालात ना. तेही तपासा, आणि नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं. लोहाची कमतरता असेल तर नखं चमच्यासारखी खोलगट होतात, बर्फ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. तसलं काही?

आंबटगोड: छे, तसलं काही नाही. पण मायनर निघालं तर लग्नाचं काय? आई आत्ताच घाबरलीये.

वऱ्हाडी_ठेचा: मोडायचं काहीच कारण नाही! मायनर म्हणजे आजार नव्हे, माणूस नुसता वाहक असतो. फक्त होणाऱ्या जावईबापूंचीही एचपीएलसी आत्ताच करा. ती स्वच्छ आली तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा गंभीर आजार, होण्याची भीती नाही. दोघंही वाहक निघाले तर दर गरोदरपणात बाळाला मेजर असण्याची २५ टक्के शक्यता. तेव्हा लग्नानंतर, मूल होण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटायचं. गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत होऊ शकते.

भिंगवाला: आणि आंबटगोड, मायनर निघालं तर तुम्हीही करा. सख्ख्या बहिणी आहात.