यील्ड मोठं दिसलं की आधी मागची वर्षं बघा

कोणीतरी विचारलंय की वर्षाला ३५ टक्के यील्ड दिसतंय तर एफडी मोडून शेअर घ्यावा का. अहो थांबा जरा, ते यील्ड म्हणजे मागच्या बारा महिन्यांत वाटलेला डिव्हिडंड (कंपनी शेअरधारकांना वाटते तो लाभांश) भागिले शेअरचा आजचा भाव, पुढच्या वर्षाची हमी त्यात कुठेच नसते. वेदांता या खाण-धातू कंपनीचंच बघा, २०२२-२३ मध्ये पाच वेळा मिळून शेअरमागे १०१.५० रुपये वाटले, मार्च २०२३ मध्ये भाव पावणेतीनशेच्या आसपास होता म्हणजे यील्ड ३५ च्या वर दिसत होतं, आणि पुढच्या वर्षी मिळाले २९.५० रुपये. तेव्हा वेदांताच्या लंडनच्या पेरेंट कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं आणि वेदांताच्या शेअर्सचा मोठा हिस्सा तिच्याकडेच, त्यामुळे डिव्हिडंडच्या वाटेने पैसा तिच्याकडे जात होता. म्हणून एका वर्षाचा आकडा धरून चालू नका, निदान दहा वर्षांचा शेअरमागे किती रुपये असा हिशोब काढा आणि शेजारी ईपीएस (शेअरमागे कंपनीची कमाई) ठेवा, कमाईपेक्षा जास्त वाटलं असेल तर ते टिकणार नाही.

अजून एक, "५०० टक्के डिव्हिडंड" असली बातमी वाचून हुरळू नका, ते टक्के फेस व्हॅल्यूवर (शेअरची कागदोपत्री मूळ किंमत, बाजारभाव नव्हे) असतात, २ रुपये फेस व्हॅल्यू असेल तर हातात १० रुपयेच. आणि एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही ती तारीख, तिच्या आदल्या दिवशी घेऊन फुकटचा डिव्हिडंड मिळेल असंही नाही, भाव साधारण तेवढाच खाली उघडतो, वर एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवर आपल्या इन्कम टॅक्स स्लॅबप्रमाणे टॅक्स.